हवेलाही हंगाम असतो

वावरातून नुकत्याच परतलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, बचत गटाची बैठक आटोपून आलेल्या साऱ्या आयाबायांना राम राम. आज आपल्याला हवेबद्दल बोलायचं आहे. हवा म्हणजे ऊन किती आणि थंडी किती, एवढंच नाही. त्या हवेत तरंगणाऱ्या बारीक बारीक कणांबद्दल बोलायचं आहे. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपल्या छातीत जातात, आपल्या पिकावर बसतात, आणि आभाळात ढगसुद्धा त्यांच्याशिवाय तयार होत नाहीत.

सकाळी घरात कवडशातून ऊन येतं, तेव्हा त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती धूळ म्हणजे या कणांमधली मोठी मंडळी. त्यांच्याहून कितीतरी बारीक कण हवेत असतात. शास्त्रज्ञ त्यांना आकारावरून नावं देतात. एक ‘पीएम दहा’ आणि दुसरा ‘पीएम अडीच’. हा अडीच म्हणजे अडीच मायक्रॉन. आपल्या डोक्याचा एक केस घ्या. त्या केसाच्या जाडीत असे वीस-तीस कण शेजारी शेजारी मावतील, इतके ते बारीक.

मोठी धूळ नाकात अडकते, शिंक येते, खोकला येतो, आणि ती बाहेर पडते. अडीचचा कण मात्र नाकाला चकवून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. त्याहूनही बारीक असलेले काही तर रक्तात उतरतात. म्हणून दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणाऱ्या कणांची काळजी जास्त.

आता मुद्दा असा, की हे कण बारा महिने सारखे नसतात. जसा पेरणीचा हंगाम, वेचणीचा हंगाम, तसा हवेचाही हंगाम असतो. आपण मृगापासून सुरुवात करू, कारण आपल्या वऱ्हाडात वर्ष तिथूनच सुरू होतं.

मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि मातीचा वास सुटतो. तो वास येतो कुठून? मातीत राहणारे अगदी सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. आणि तो आपल्या नाकापर्यंत पोहोचतो कसा? २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेरा लावून हे पाहिलं. पावसाचा थेंब कोरड्या मातीवर आपटतो, तेव्हा त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटतात, आणि फुटताना मातीचे कण तुषारांसोबत हवेत उडवतात. सोड्याची बाटली उघडल्यावर वर तुषार उडतात ना, तसंच. म्हणजे पहिला पाऊस हवेत कण सोडतोही.

पण झड लागली की उलट होतं. पाऊस हवेची झाडलोट करतो. खाली येणारा प्रत्येक थेंब वाटेतले कण गोळा करत येतो. म्हणून आषाढ-श्रावणात चिखलदऱ्याच्या डोंगरावर ढग जरा बाजूला झाले, की खालची गावं, शेतं धुवून ठेवल्यासारखी स्वच्छ दिसतात. जमीन ओली, म्हणून धूळ उडत नाही. पालापाचोळा ओला, म्हणून आग लागत नाही. वारा समुद्राकडून येतो. वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा आपल्याला याच महिन्यांत मिळते.

आपल्या राज्यात महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची एक प्रयोगशाळा आहे. २०१२ साली सुरू झाली. ती मुद्दाम उंच डोंगरावर, जंगलाजवळ उभारली, कारण पावसाळ्यात ढग तिच्या दारातूनच जातात. तिथे ढगांचे थेंब आणि हवेतले कण यंत्रांनी मोजतात. तिथेही हेच दिसतं: पावसाळ्यात कण कमी, त्यांत समुद्रावरून आलेल्या मिठाचा वाटा, आणि हिवाळ्यात, उन्हाळ्यात लाकूडफाटा व पालापाचोळा जळल्याचा धूर जास्त.

ढगांचा आणि कणांचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. संबंध फार जवळचा आहे. हवेतली वाफ नुसती नुसती थेंब होत नाही. तिला बसायला पाट लागतो. तो पाट म्हणजे हा बारीक कण. मिठाचा असेल, धुळीचा असेल, झाडाच्या वासातून तयार झालेला असेल. त्यावर वाफ बसते आणि ढगाचा थेंब होतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले, की पावसाचा एक थेंब तयार होतो.

आता समजा हवेत धुराचे कण फार झाले. वाफ तेवढीच, पण पाट शंभराच्या जागी हजार. मग प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी वाफ येते. थेंब फार लहान राहतात, एकमेकांना धडकून मोठे व्हायला वेळ लागतो. घरात चार भाकरींचं पीठ आहे आणि पाहुणे वीस आले, तर कुणाचंच पोट भरत नाही, तसं. याचा अर्थ आपल्या गावात पाऊस कमी झाला तो धुरामुळेच, असा मात्र नाही. पाऊस समुद्रावर, वाऱ्यावर, कितीतरी गोष्टींवर अवलंबून असतो. पण धुराचा ढगावर परिणाम होतो, हे आता पक्कं माहीत आहे.

पावसाळ्यातली हवा स्वच्छ, पण दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं. एक म्हणजे बुरशी. भिंतीला ओल आली, धान्याला, कुटाराला बुरा आला, की त्याचे बीजकण हवेत उडतात. दम्याच्या माणसाला त्यांचा त्रास होतो. बुरसलेलं कुटार झटकताना नाकातोंडाला फडकं बांधा आणि लेकरांना लांब ठेवा. दुसरी गोष्ट फवारणी. फवारणीचे तुषार हेसुद्धा हवेतले कणच, आणि ते विषारी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. बायका पंपात पाणी भरून देतात, शेजारच्या ओळीत निंदण करतात. फवारणी चालू असलेल्या वावरात वाऱ्याच्या खालच्या बाजूला बायांनी काम करू नये. मुकादमाला, मालकाला तसं स्पष्ट सांगावं.

पाऊस ओसरला की रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर गाजरगवत पांढरं फुलतं. हे गवत आपल्याकडचं नाही. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याचे परागकण हवेत उडतात, अंगाला खाज येते, शिंका येतात, काहींना दमा उठतो. ते फुलावर येण्याआधी उपटायचं. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालूनच उपटायचं.

मग दसरा-दिवाळी. सोयाबीन निघतं, थ्रेशर चालतो, कुटाराची धूळ उडते. कापसाची वेचणी सुरू होते. आणि थंडी पडायला लागते. इथून हवेचा वाईट हंगाम सुरू होतो.

तुम्ही थंडीतली संध्याकाळ आठवून पाहा. गावात चुली पेटल्या, की धूर सरळ वर जात नाही. घरांच्या वर थोड्या उंचीवर त्याची निळसर पट्टी तयार होते आणि ती तिथेच थांबते. असं का होतं? सूर्य मावळल्यावर जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची हवा मात्र अजून उबदार असते. वरच्या उबदार हवेचं जणू झाकण बसतं. धूर त्या झाकणाखाली कोंडतो. वाराही मंद असतो. त्यामुळे रात्री आठपासून सकाळी ऊन चढेपर्यंत चुलीचा, शेकोटीचा, गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा सगळा धूर आपल्याच अंगावर राहतो. सकाळी धुवारी पडली, तर धुवारीच्या थेंबांतही हेच कण असतात. दहा-अकराला ऊन तापलं, की झाकण उघडतं आणि हवा मोकळी होते.

यातून एक साधी गोष्ट शिकायची. ज्याला दमा आहे, ज्याच्या छातीत घरघर होते, जी बाई गरोदर आहे, त्यांनी थंडीत पहाटेच्या धुरकट हवेत फिरायला जाऊ नये. ऊन चढल्यावर जावं. आणि अंगणातला कचरा संध्याकाळी पेटवायची सवय सोडायची, कारण तो धूर रात्रभर आपल्याच घरात राहतो. प्लॅस्टिक तर कधीच जाळायचं नाही.

याच दिवसांत जिनिंग चालू होतात. अमरावती, अकोला म्हणजे कापसाचा मुलूख. जिनिंगमध्ये आपल्या कितीतरी बहिणी काम करतात. कापसाच्या धुळीमुळे एक आजार होतो, त्याला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. त्याची खूण लक्षात ठेवा. आठवडी सुट्टीनंतर कामावर गेल्या, की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. पुढच्या दिवसांत जरा बरं वाटतं. सुट्टी झाली की पुन्हा तेच. पुष्कळ जणी समजतात, सुट्टीनंतर अंग जड झालं असेल. तसं नाही. कायद्यात हा कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. दवाखान्यात गेलात, की डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी जिनिंगमध्ये काम करते आणि सुट्टीनंतर त्रास होतो.’ एवढ्या एका वाक्याने आजार वेळेवर सापडू शकतो.

माघ-फाल्गुन आला, की मेळघाटात पळस फुलतो, साग पानं टाकायला लागतो. इथे जरा जंगलाबद्दल बोलू. झाडं हवेत नुसता प्राणवायू सोडत नाहीत. पानांमधून सुगंधी वाफाही सोडतात. त्या वाफा उन्हात बदलतात आणि त्यांचे अतिशय बारीक कण तयार होतात. शिवाय परागकण, बुरशीचे बीजकण. म्हणजे जंगल स्वतःचे कण स्वतः तयार करतं. दुसऱ्या बाजूला, झाडांची पानं धूळ अडवतातही. ओली, हिरवी पानं म्हणजे हवेची चाळणीच.

जगातलं सगळ्यात मोठं पावसाळी जंगल दक्षिण अमेरिकेत, अमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तिथे ब्राझीलमध्ये जंगलाच्या मधोमध ३२५ मीटर उंचीचा एक मनोरा उभारला आहे, हवेतले कण मोजण्यासाठी. पावसाळ्यात तिथली हवा इतकी स्वच्छ असते, की बोरभर हवेत जेमतेम काही शे कण सापडतात, तेही बरेचसे जंगलाचेच. समुद्रापार आफ्रिकेच्या वाळवंटातली धूळ वाऱ्यावर तिथवर येते आणि जंगलाला थोडं खतही देते. पण कोरडे महिने आले, माणसांनी जंगल जाळायला सुरुवात केली, की तेच कण काही हजारांवर जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आगींचा धूर दूरवरच्या साओ पाउलो या मोठ्या शहरावर आला, ढगांत मिसळला, आणि भर दुपारी तीनच्या सुमारास अंधार झाला.

आपला मेळघाट अमेझॉनसारखा सदाहरित नाही. तो पानं गाळणारा, सागाचा. म्हणून आपल्याकडे ऋतूंचा फरक आणखी ठळक. पावसाळ्यात सिपना, गडगा भरून वाहतात तेव्हा जंगल हवेची चाळणी असतं. उन्हाळ्यात तेच जंगल पालापाचोळ्याने भरलेलं, एका काडीची वाट पाहणारं. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो. जाळरेषा काढतो, अंगारी नेमतो. उपग्रहांवरून आगीचे इशारेही येतात. तरी वणवा लागतो, आणि बहुतेक वेळा तो माणसाच्या हातून लागतो.

मोहफुलं वेचताना खालचा पाला आड येतो, म्हणून तो पेटवून देतात. फुलं दिसायला सोपी जातात, हे खरं. वेचणारी बाई पहाटे अंधारात उठून जाते, तिची घाई समजण्यासारखी आहे. पण त्या आगीत मोहाची रोपं जळतात, म्हणजे पुढच्या पिढीची फुलं जळतात. जंगल खातं ते पोटावर पाय येतो तो आपल्याच. आणि धूर पहिला जातो तो वेचणाऱ्या बाईच्याच छातीत. त्यापेक्षा खराट्याने पाला झाडून बाजूला करावा, आणि जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथराव्या. फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, त्यामुळे वाळवायलाही बरी. हे काम एकटीपेक्षा गटाने केलं तर सोपं जातं.

खाली वावरातही तेच. गहू-हरभरा निघाला की धुरे पेटवतात, पऱ्हाट्या जाळतात. बोंडअळी राहू नये म्हणून पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवायच्या नाहीत, हे बरोबर. पण उपटून जाळायच्या कशाला? त्यांचा बारीक चुरा करून खत होतं. धुरा पेटवला, की बांधावरचं कडुनिंबाचं, बाभळीचं झाड बुडातून भाजतं, वारा सुटला तर शेजाऱ्याचं कुटार, गोठा जातो. मग चैत्र-वैशाखात तापलेली जमीन, वावटळ, आणि तिच्यासोबत काळ्या मातीची धूळ. मे अखेरचा नवतपा आला, की डोळे चुरचुरतात, आभाळ मातकट दिसतं. आणि मग पुन्हा मृग. असं हे हवेचं वर्ष.

आता तुम्हाला दोन शब्द आकड्यांचे सांगते. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेलं मानक असं आहे, की एका घनमीटर हवेत अडीचचे कण दिवसभराच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते, की ते १५ पेक्षा जास्त नसावेत. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही, त्यांच्या यादीत अमरावतीही आहे आणि अकोलाही. कौतुकाची गोष्ट अशी, की अमरावती शहराने केलेल्या उपायांसाठी स्वच्छ वायू सर्वेक्षणात, तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत, २०२३ साली आणि पुन्हा २०२५ साली पहिला क्रमांक मिळवला.

शहरात हवा मोजायला यंत्रं आहेत. पण आपल्या स्वयंपाकघरात कोण मोजतं? जिथे मोजलं, तिथे लाकडाच्या चुलीजवळ स्वयंपाक चालू असताना हे कण काही शे मायक्रोग्रॅम, कधी हजाराच्याही वर सापडले आहेत. ६० कुठे आणि हजार कुठे! आणि हा हंगाम बाराही महिने चालतो. बाहेरची हवा पावसाने धुतली जाते, पण पावसाळ्यातच आपली चूल घरात येते, सरपण ओलं असतं, दारं-खिडक्या लावलेल्या असतात. म्हणजे बाहेर वर्षातली सगळ्यात चांगली हवा आणि आत सगळ्यात वाईट, असं त्या चार महिन्यांत होतं.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक गोष्ट जगापुढे मांडली. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच समजला जायचा. त्यांनी दाखवलं, की न ओढणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणात होतो, आणि त्याचं एक मोठं कारण चुलीचा धूर. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी, असं त्यांनी नमूद केलं. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. पाच वर्षांखालच्या लेकरांचा न्यूमोनियाही या धुराने वाढतो. म्हणून डॉक्टरांनी ‘विडी ओढता का’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणून थांबू नका. ‘इतकी वर्षं चुलीवर स्वयंपाक करते’ हेही सांगा.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरच्या बाईच्या नावावर गॅस आला. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात, म्हणून पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर. हे खरं आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. सिलिंडर वर्षभर पुरवता येत नसेल, तर निदान दोन हंगामांसाठी तो राखून ठेवा: पावसाळ्याची झड आणि थंडीची संध्याकाळ. बाकीच्या दिवसांत चूल शक्यतो पडवीत, अंगणात मांडा. सरपण मृगाआधीच वाळवून आडोशाला रचा. भांड्यावर झाकण ठेवा, स्वयंपाक लवकर होतो. चुलीवर धुराडं बसवा आणि त्यातली काजळी वेळोवेळी काढा. लेकरू कडेवर घेऊन चूल फुंकू नका. आणि एक लक्षात ठेवा, तोंडाला बांधलेला पदर धूळ अडवतो, धुराचा बारीक कण अडवत नाही.

शेवटी तुमच्या गटासाठी एक काम. स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या घ्या. त्यांना खोबरेल तेलाचं पातळ बोट फिरवा. एक गावाबाहेर उंच जागी ठेवा, दुसरी चुलीच्या खोलीत फळीवर. चोवीस तासांनी दोन्ही पांढऱ्या कापडाने पुसा. कापडाच्या कोपऱ्यावर महिना आणि जागा लिहून ठेवा. पावसाची उघडीप असताना एकदा, थंडीत एकदा, उन्हाळ्यात एकदा असं करा. या ताटलीवर फक्त मोठे कण दिसतील, अडीचचे नाही. तरी वर्षभराची सहा कापडं शेजारी शेजारी मांडली, की तुमच्या गावाच्या हवेचं पंचांग तुमच्यासमोर येईल.

ती कापडं घेऊन ग्रामसभेत जा. धुरे पेटवायचे नाहीत, कचरा जाळायचा नाही, मोहाखाली काडी लावायची नाही, असा ठराव मांडा. पऱ्हाट्यांचा चुरा करणारं यंत्र गटाच्या नावाने भाड्याने आणता येईल का, हे विचारा. पुरुष मंडळी म्हणतील, हवेचं काय एवढं मोठं! तेव्हा चुलीच्या खोलीतलं कापड त्यांच्या हातात द्या आणि सांगा, हे एका दिवसाचं आहे, आम्ही लग्न करून आल्यापासून या खोलीत आहोत.

कापडांवर काय दिसलं, ते केंद्रावर कळवा. नमस्कार.